पोरीचं पहिलं वर्ष आणि खर्चाची वही

११ एप्रिलला आमच्या पोरीला वर्ष झालं. मी चोपड्याला एका कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. पगार पंधरा हजार, हंगामात वर थोडंफार सुटतं. बायको घरी शिकवण्या घ्यायची, त्या दिवस गेल्यावर बंद झाल्या. खाणारं तोंड वाढणार आणि येणारा पैसा घटणार, म्हणून मी जरा घाबरलो होतो. मोबाईलवर 'बाळाचा महिन्याचा खर्च' शोधलं तर मोठ्या शहरातल्या लोकांचे आकडे आले. त्यांचा एका महिन्याचा बाळाचा खर्च माझ्या पगारापेक्षा जास्त. खान्देशातल्या तालुक्याच्या गावी, आमच्यासारख्या घरात हे कसं निभतं ते कुणी लिहिलेलं सापडलं नाही. दुकानात उधारीची वही लिहायची सवय आहेच, तशीच एक वही पोरीच्या नावाने सुरू केली. हे त्या वहीतून.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कळलं. पहिल्याच आठवड्यात आशाताई घरी आल्या आणि नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड करून देते म्हणाल्या. हे कार्ड किती कामाचं आहे ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढचं सगळं, म्हणजे तपासण्या, लसी, योजनेचे पैसे, त्या एका कार्डावर चालतं. आधार कार्ड मागून घेतल्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला, "दादा, वहिनींचं आधार माहेरच्या नावाचं आहे, बँकेचं खातं कोणत्या नावाचं?" तेही माहेरच्याच. आता सरकारी कार्डावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं आणि पासबुकावर तिसरंच स्पेलिंग असलं की पैसे अडकतात. ज्यांच्या घरी अजून गोड बातमी नाही पण येणार आहे, त्यांनी हे काम आजच उरकावं. पोटात बाळ घेऊन उन्हात आधार केंद्राच्या रांगेत उभं राहणं काही सोपं नाही.

आमचा क्रम असा झाला. आधी ग्रामपंचायतीतून लग्नाचा दाखला. तो दाखवून आधारवरचं नाव बदललं, त्याला तेव्हा ५० रुपये लागले (आता ७५ झालेत). नवीन आधार यायला दोन-तीन आठवडे. मग जुन्या बँकेत खातं दुरुस्त करत बसण्यापेक्षा पोस्टात जाऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढलं, पोस्टातल्या माणसाने तिथेच आधार जोडून दिलं. योजनेचा पैसा खाते क्रमांकावर येत नाही, आधार ज्या खात्याला जोडलंय तिथे येतो. एकीच्या दोन-तीन बँकांत खाती असतात आणि पैसे भलत्याच खात्यात पडलेले असतात. म्हणून कोणत्या खात्याला आधार जोडलंय हे विचारून घ्या.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात. गरोदरपणात नोंदणी आणि तपासणी झाली की ३,०००, आणि बाळाची जन्मनोंद व साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,००० आहेत. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलं तरी चालतं, त्याचा दाखला मी सेतूतून काढला. ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं कार्ड असे दुसरेही कागद चालतात. ऑक्टोबरात फॉर्म भरला, ३,००० आले जानेवारीत. मधल्या काळात बायको रोज मोबाईलचे मेसेज बघायची. आशाताईंना विचारलं की त्या म्हणायच्या, "वरून येतं दादा." तेवढ्यावर समाधान मानायचं.

तपासण्यांचा खर्च मी आधी धरला होता तेवढा झाला नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी मोठे डॉक्टर असतात. गर्दी असते, सकाळी लवकर जावं, सोबत पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला न्यावं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिथेच मिळतात. सोनोग्राफी मात्र खासगीत करावी लागली, पाचव्या महिन्यातल्या मोठ्या सोनोग्राफीला दोन हजारांच्या आसपास गेले.

बाळंतपण कुठे करायचं यावर घरात बरेच दिवस चर्चा चालली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. बायकोचं माहेर यावल तालुक्यात. तिथल्या एका खासगी दवाखान्यात सासऱ्यांनी विचारून ठेवलं होतं. साधं बाळंतपण झालं तर पंचवीस-तीस हजार आणि सिझर झालं तर पन्नासच्या वर. सासरे म्हणाले, "जावईबापू, पैशाचं तुम्ही बघू नका." मला ते पटेना. डॉक्टरांना विचारलं, रक्त चांगलं होतं, बीपी ठीक, जोखमीचं काही नव्हतं. मग सरकारी ठरवलं. जोखीम सांगितली असती तर मी कर्ज काढून मोठ्या दवाखान्यात गेलो असतो, हेही इथे लिहून ठेवतो. सरकारी म्हणजे वाईट आणि खासगी म्हणजे चांगलं असं नसतं, पण डॉक्टर काय म्हणतात ते ऐकूनच ठरवा.

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधं, तपासण्या, रक्त, बाळंतिणीचं जेवण आणि घरी सोडायची गाडी हे सगळं फुकट आहे. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याचे उपचारही त्यातच. आम्हाला जाताना सासऱ्यांच्या ओळखीची गाडी मिळाली, येताना १०२ ची गाडी दाराशी सोडून गेली. तरी वहीत त्या तीन दिवसांचे अकराशे रुपये आहेत. चहा, नारळपाणी, सोबतच्या माणसांचं जेवण, आणि "पेढे द्या ना भाऊ" म्हणून दोन-तीन ठिकाणी हातावर ठेवलेले. ते देऊ नयेत हे मला माहीत आहे. पोरगी हातात असताना कोण भांडणार? घरून दोन चादरी, बादली, मग, थर्मास आणि धुतलेल्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे न्या. दवाखान्याबाहेरच्या दुकानात हेच सगळं दीडपट भावाने मिळतं, त्यांना गरज कळते.

दुसऱ्या दिवशी दूध येईना. पोरगी रडायची, आणि भेटायला आलेली प्रत्येक बाई पावडरचा डबा आणा म्हणायची. मी खाली मेडिकलमध्ये जाऊन भावही विचारून आलो, ४०० ग्रॅमचा डबा सव्वाचारशे. रात्रपाळीच्या सिस्टर आल्या आणि त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. चीक थोडाच येतो, पण बाळाचं पोटही एवढंसंच असतं, हे सांगून त्यांनी बायकोच्या पाठीमागे उशी लावली, पोरीचं डोकं कसं धरायचं, नुसतं टोक नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हे हात धरून दाखवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दूध उतरलं. वर्षभराच्या वहीतली सगळ्यात मोठी बचत बहुतेक त्या सिस्टरने केलेली आहे. पावडरवर असतं तर महिन्याला अडीच-तीन हजार सहज गेले असते. डब्यांवर ऑफर का नसते याचं मला दुकानदार म्हणून कुतूहल होतं. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात, सवलत, भेटवस्तू यांवर बंदी आहे. आता ज्यांना खरोखर पावडर द्यावी लागते त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. फक्त डबा पुरवायला म्हणून पाणी वाढवू नका. डब्यावर जेवढं माप लिहिलंय तेवढंच.

पण दूध फुकट येत नाही, ते बाळंतिणीच्या ताटातून येतं. त्या ताटाला कात्री लावायची नाही हे सासूबाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं. डिंक महाग, म्हणून डिंकाचे लाडू थोडे आणि मेथीचे, शेंगदाण्या-तिळाचे जास्त. हळिवाची खीर. दादर ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, वर शेवग्याच्या पाल्याची भाजी. सव्वा महिन्यात किराण्यावर नेहमीपेक्षा साडेचार हजार जास्त गेले, ते वहीत मी लाल पेनाने लिहिलेले नाहीत.

जन्मनोंदीचं एक गणित सांगतो. नोंद २१ दिवसांत केली तर फुकट होते, त्यानंतर विलंब शुल्क आणि कागद वाढतात. दवाखान्यात जन्म झाला की माहिती दवाखानाच देतो, पण तिथे आईबापाचं नाव काय लिहिलं जातंय ते स्वतः उभं राहून बघा. आणि नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. आम्ही राहायला चोपड्याला, पोरगी जन्मली यावल तालुक्यात, म्हणजे दाखला तिकडचाच. आमचे २१ दिवस २ मेला संपत होते आणि बारसं ३० एप्रिलला, मधे १ मेची सुट्टी. नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत घातलं तर त्याचे पैसेही पडत नाहीत. पण पुन्हा खेटे कोण घालणार? म्हणून नाव आधीच ठरवून कागदावर चढवलं, बारशाला कानात सांगायचं तेवढं बाकी ठेवलं. आत्याला हे अजून माहीत नाही, तिला वाटतं नाव तिनेच ठेवलं. ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे, तेव्हा मराठी आणि इंग्रजी दोन्हीतलं स्पेलिंग तिथल्या तिथे तपासा. दोन-तीन प्रती जास्तीच्या घ्या.

बारसं ३० एप्रिललाच का, तर त्या दिवशी आखाजी होती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येतात. मावश्या गावात होत्याच. घरात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होणारच होता. मांडव नाही, आचारी नाही, वेगळं जेवण नाही. सासूबाईंनीच सुचवलं, आणि कुणाला त्यात कंजुषी दिसली नाही, उलट सगळ्यांची भेट झाली. आमच्या चोपड्याच्या दोन बहिणी तेवढ्या गाडी करून आणाव्या लागल्या. भाडं बाराशे.

आहेराचं आधीच फोनवर सांगून टाकलं होतं. पहिल्या बाळाला सगळे फ्रॉक आणतात आणि सगळे एकाच मापाचे, तीन महिन्यांत तोकडे होणारे. बायकोने बहिणींना सरळ सांगितलं की आणायचंच असेल तर वर्षाच्या मापाचं आणा आणि सुती आणा. तरी एकीने जाळीचा, टिकल्या लावलेला गुलाबी फ्रॉक आणलाच. एप्रिलअखेरचं रावेर-यावलचं ऊन, बाहेर ४३-४४ अंश, आणि पोरीच्या अंगावर जाळी. फोटो काढेपर्यंत तिचा गळा लाल झाला. तो फ्रॉक खुंटीला गेला आणि पोरगी आजोबांच्या धोतराच्या झबल्यात शांत झोपली.

झबली, टोपरी, दुपटी यांचा तयार संच जळगावच्या फुले मार्केटात मी बघून आलो होतो, अठराशे म्हणाले, घासाघीस करून चौदाशे. माझ्या मायला फोनवर सांगितलं तर ती म्हणे, "कसाले पैसा वाया घालस? घरमा लुगडा शेतस ना." तिने ट्रंकेतून आजीची दोन लुगडी आणि वडिलांची धोतरं काढली. इतक्या वर्षांच्या धुण्याने ते कापड असं मऊ झालेलं की नवीन मलमल त्याच्यापुढे खरखरीत लागते. गरम पाण्यात उकळून, उन्हात वाळवून त्याचे तीस-पस्तीस लंगोट, चार झबली, दोन गोधड्या झाल्या. शिलाई म्हणून शेजारच्या काकूंनी दोनशे घेतले. झबल्यांना बंद पाठीमागे आणि शिवण बाहेरून, म्हणजे अंगाला टोचत नाही.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत आम्ही डायपर जवळपास वापरलाच नाही. एक तर त्या उन्हात डायपरमध्ये बाळ शिजतं, आणि दुसरं म्हणजे लंगोट वाळायचे इतक्या झपाट्याने की सासूबाईंच्या चार भाकरी भाजून होईपर्यंत तारेवरचे पहिले काढायला यायचे. शी-शूचे वेगळे भिजवायचे, साध्या साबणाने धुवायचे, शेवटी भरपूर पाण्यात खळबळून काढायचे, साबण राहिला की कातडी लाल होते. पाण्याचा मुद्दा खरा आहे. सासरवाडीला बोअरचं पाणी होतं म्हणून निभलं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, तिथे तीस लंगोट रोज धुणं म्हणजे चेष्टा नाही, आणि ते कुणाच्या हातांनी होतं हेही बघायला हवं. "लंगोट वापरा, पैसे वाचवा" म्हणणारे बहुतेक पुरुष असतात. मी धुतलेत, म्हणून बोलतो.

त्या दोन महिन्यांत लाईटबिल मात्र वाढलं. कूलर दिवसभर, पोरीच्या थेट अंगावर वारा न येता भिंतीकडे तोंड करून. त्यात काटकसर केली नाही. घामोळ्यांना पावडर आणली नाही, डॉक्टर म्हणाले ती श्वासात जाते, नुसतं ओल्या फडक्याने पुसा. मालिशला खोबरेल त्या वर्षी इतकं महागलं होतं की घाण्यावरचं तिळाचं तेल आणलं. काजळ, ग्राईप वॉटर, बाळगुटी, वॉकर हे चारही डॉक्टरांनी नको म्हटलं. बाळगुटीवरून सासूबाई दोन दिवस रुसल्या.

लसींबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक भीतीने पैसे घालवतात. जन्मल्यावर दवाखान्यात बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचे थेंब आणि काविळीची लस झाली. मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांची एकत्र लस), पोलिओ, रोटा (जुलाबाची), न्यूमोनियाची पीसीव्ही, सगळं उपकेंद्रात फुकट. ओळखीच्या एका गृहस्थांनी खासगीत फक्त न्यूमोनियाच्या एका डोसला ३,८०० दिले आणि मला सांगितलं, "सरकारीत ही लसच नसते." पूर्वी नव्हती, २०२१ पासून देशभर आहे. फ्लूसारख्या काही लसी सरकारी यादीत नाहीत, त्या घ्यायच्या का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण यादीतल्या लसी खासगीत घेऊन काही वेगळं होत नाही.

२३ मेला सहा आठवडे भरत होते. गावात लसीकरणाचा ठरलेला दिवस असतो, तो पुढच्या आठवड्यात होता, चार-सहा दिवस उशीर चालतो. कार्ड चोपड्याचं आणि लस यावल तालुक्यात, तरी सिस्टरने काही कुरकूर केली नाही, कार्ड बघितलं आणि लिहून दिलं. मांडीला गाठ आली, रात्री ताप आला. तापाचं औषध किती थेंब ते वजनावर असतं, सिस्टरकडून लिहूनच घ्या, रात्री दोनला आठवत नाही. साडेतीन महिन्यांचा डोस जुलैअखेर चोपड्यात झाला, तेव्हा बायको परतली होती. लगेच मातृवंदनेच्या दुसऱ्या हप्त्याचा फॉर्म भरला. दिवाळीपर्यंत येतील म्हणाले. दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या शेवटी २,००० चा मेसेज आला, तोवर आम्ही ते विसरलोही होतो. या पैशाच्या भरवशावर काही खरेदी ठरवू नका, आले की आले.

मुलगी झाली म्हणून 'लेक लाडकी'ची चौकशी केली. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठराव्या वर्षी ७५,०००, असे एकूण १ लाख १ हजार. अर्ज अंगणवाडीत करायचा. पण पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड आणि वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं. आमचं बसत नाही. एक एजंट म्हणाला, "दाखला बसवून देतो, हजार रुपये द्या." मी नको म्हटलं. उद्या मातृवंदनेला दिलेला दाखला आणि हा दाखला कुणी शेजारी शेजारी ठेवले तर? आमच्या गल्लीतल्या एका मजुरी करणाऱ्या ताईला तिचे ५,००० मिळाले, तिचा फॉर्म मी भरून दिला होता. ज्यांचं बसतं त्यांनी जरूर करा, त्याला एजंट लागत नाही.

पोरीचं आधार ऑगस्टमध्ये काढलं. पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, जन्मदाखला आणि आईबापापैकी एकाचं आधार पुरतं. नवीन आधारला पैसे लागत नाहीत. एका केंद्रावर शंभर मागितले, मी पावती मागितली, मग तो म्हणाला सर्व्हर डाऊन आहे. पोस्टात गेलो, तिथे फुकट झालं.

पावसाळ्यात लंगोटांचं गणित फसतं. वाळत नाहीत, दमट राहिले की पुरळ येतं, इस्त्री करून वाळवायचे तर लाईट जाते. तेव्हापासून रात्री एक आणि बाहेर जाताना एक डायपर, दिवसा लंगोट. दुकानदारीतला हिशोब इथे कामी आला. पाकिटावरची किंमत बघायची नाही, नगांनी भागायचं. 'एकावर एक फ्री' लिहिलेलं पाकीट एका नगाला साडेअकरा पडत होतं आणि शेजारचं साधं आठला. मोठं पाकीट स्वस्त पडतं हे खरं, पण लहान मापाचा साठा करू नका, पोरं एका महिन्यात माप ओलांडतात. आमची उरलेली वीस पुतण्याच्या घरी गेली. २२ सप्टेंबर २०२५ ला डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आम्ही घ्यायचो ते ७९९ चं पाकीट ७४९ झालं. जुन्या छापील भावाचं पाकीट असलं तरी नवा भाव विचारायचा, आमच्या गल्लीतल्या शेठने आधी आढेवेढे घेतले, बिल मागितल्यावर कमी केले. पुरळ येतंय असं दिसलं तर डायपर बदलण्यात कंजुषी नको. पन्नास रुपये वाचवून तीनशेचं मलम आणावं लागतं.

११ ऑक्टोबरला सहा महिने झाले, उष्टावण केलं. डब्यातलं तयार खाणं ३०० ग्रॅमला जवळपास तीनशे रुपये. त्याऐवजी दादर ज्वारी आणि सालाची मूगडाळ दोनास एक, धुऊन, वाळवून, मंद भाजून गिरणीतून बारीक दळून आणली. गिरणीवाल्याला सांगायचं की मिरची-मसाल्यानंतर नको, सकाळी पहिली दळ. किलोभर पिठाला दळणासकट सत्तरच्या आसपास खर्च आला, पंधरा-वीस दिवसांचंच दळायचं, नाहीतर खवट होतं. पाण्यात शिजवून वर चमचाभर तूप. वर्षाच्या आत मीठ, साखर, मध काही नाही, मध तर अजिबात नाही. आणि केळी. सासऱ्यांची केळीची बाग आहे. त्या दिवसांत भाव पडलेले, व्यापारी माल उचलेना, ते बिचारे हवालदिल आणि आमच्या घरी फण्याच्या फण्या. पोरीला ती कुस्करलेली केळी इतकी आवडायची की वाटी दिसली की पाय आपटायची. मला ते केळं गोड लागत नव्हतं.

अंगणवाडीतून सहा महिन्यांनंतर बाळाचा कोरडा खाऊ मिळतो, आधी बाळंतिणीलाही मिळत होता. त्याला नाक मुरडणारे पुष्कळ. पोरीने तो नुसता खाल्ला नाही, आमच्या पिठात थोडा मिसळला की खाते. महिन्याला वजनही तिथेच होतं, वेगळा वजनकाटा घ्यायची गरज नाही.

डिसेंबरात तिला जुलाब लागले. आशाताईंकडे ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या फुकट मिळाल्या, झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यायचं. पण दुसऱ्या दिवशी पोरगी मलूल वाटली, लघवी कमी झाली, तेव्हा थेट बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. फी ३००, औषधं चारशेची, त्यातली दोन जनऔषधी केंद्रात मिळाली असती पण रात्रीचे नऊ वाजले होते. आजारपणात आधी डॉक्टर, मग वही. दीडशेचा थर्मामीटर मात्र घरात हवाच.

जानेवारीत नववा महिना संपला, गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि अ जीवनसत्त्वाचं औषध झालं. आता सोळाव्या महिन्यानंतर दुसरा डोस आणि बूस्टर, म्हणजे ऑगस्टनंतर. तोवर कार्ड जपायचं आहे. माझ्या एका मित्राने प्रेमापोटी ते लॅमिनेट करून आणायला सांगितलं होतं. करू नका. सिस्टरला त्यावर पुढच्या तारखा लिहायच्या असतात. बियाण्याच्या पाकिटासारखी जाड प्लॅस्टिकची पिशवी मिळते ना, तिच्यात घालून कपाटात ठेवा, जन्मदाखल्याची एक झेरॉक्स तिच्यातच.